विझणारे चौकोन

इरावतीच्या नजरेतला उजव्या कडेचा आणखी एक चौकोन सकाळी विझला. कपाचा कान दिसेना. मान जराशी वळवल्यावर कान दिसला, पण मग कपाची दुसरी कड गेली. दृष्टी गेल्यावर डोळ्यांत बसवलेली चकती जग चौकोनांनीच दाखवायची आणि दर महिन्याला त्यांतले काही कायमचे काळे पडायचे.

चकतीवाल्यांच्या ऑनलाइन मंडळात ती वर्षभर पिक्सेल चित्रं, म्हणजे एकेक चौकोन रंगवून केलेली चित्रं, शिकवणार होती. नावं दिली होती ती नव्यानं चकती बसवलेल्यांनी. चौकोन विझतात हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"आधी आठ बाय आठ चौकोनांची चौकट. चेहरे वर्षअखेरीला, मोठ्या चौकटीत," तिनं जोडीला शिकवणाऱ्या तांबोळी सरांना फोनवर आराखडा सांगितला.

"शिस्तशीर आहे," सर म्हणाले. "पण बाई, तोवर मोठी चौकट कुणाच्या डोळ्यांत उरेल? माझ्या चकतीत आता लुडोचा पटसुद्धा मावत नाही."

तिला हसू आलं नाही. "हे सांगितलं तर वर्गात कोण बसेल?"

"आणि न सांगता बसवलंत तर?"

हात बसला की आपल्या मुलीचा चेहरा काढायचा, असं म्हणत इरावतीनं तो लांबवत नेला होता. आता अख्खा चेहरा एका नजरेत मावत नव्हता.

"चेहरे पहिल्याच तासाला," अखेर ती म्हणाली. "वेडेवाकडे आले तरी चालतील. घाई कशासाठी, ते मी स्वतः सांगेन त्यांना."