मुखपृष्ठावरची नदी

"शेवटचं प्रकरण कालच हातावेगळं झालं," कादंबरीकार हेमलता खानविलकर वाचनालयात जमलेल्या वाचकांना सांगत होत्या. आवडत्या पुस्तकांवर बोलून झाल्यावर त्या पहिल्या रांगेतल्या वृद्ध चित्रकाराकडे वळल्या. "लिहिताना अडले, की मी या मुजावरांची नदीची चित्रं बघत बसते."

तेवढ्यात प्रकाशक ओकांनी पडद्यावर नव्या कादंबरीचं मुखपृष्ठ झळकवलं. तीच नदी, तेच पिवळसर ऊन, कोपऱ्यात सहीसारखी रेघोटी. टाळ्या पडल्या. मुजावर मात्र उठून म्हणाले, "हे मी काढलेलं नाही."

"कम्प्युटरनं काढलंय, तुमच्याच शैलीत," ओक हसले. "लोकांना कुठं फरक कळतोय?"

हेमलताबाई संतापल्या. "मग कादंबरीही त्याच्याकडूनच लिहून घ्या." टेबलावरचं हस्तलिखित उचलून त्या तडक बाहेर पडल्या.

मुजावर मागोमाग आले. "तुम्ही चित्र द्यायला नकार दिला होता का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. ओकांना एवढंच म्हणालो, आधी कादंबरी वाचायला द्या. मग कुणी फिरकलंच नाही."

आतून ओक हाका मारत होते. बाईंनी मागे न बघता हस्तलिखित मुजावरांच्या हातात ठेवलं.