फुकटचा क्लीनर

भूकंपानंतरच्या वर्षी वकारनं लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेतला. आमच्या नांदेडच्या अंगणात तो मागं घेताना रिकाम्या हौद्यातून थाप यायची, क्लीनर मारतात तशी. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे.

"फुकटचा क्लीनर हाय, रईसा. चहा बी मागत न्हाई!" वकार हसायचा.

कुतूहलानं मी आत चढून पाहिलं. धुळीत फक्त माझीच पावलं उमटली. थाप मात्र कधी चुकली नाही, म्हणून वकार आरशात बघेनासा झाला.

आज एक थाप आली आणि ट्रक थांबला. मागच्या चाकाशी आमची दीड वर्षाची सादिया बसली होती. मी धावले, तिला उचलायला वाकले.

माझ्या डोक्याच्या वर, हौद्याच्या आतून, सावकाश दोन थापा पडल्या.

वकारनं गिअर टाकला.