पोटातले दात

चाळीस वर्षं गावाला किल्ल्या करून देणाऱ्या बाबांना आता स्वतःच्या घरचा रस्ता सापडेना, म्हणून थोरल्या मुलाने दाराला आतूनही किल्लीनेच उघडणारं नवं कुलूप बसवून दिलं. त्याची किल्लीही न्यारीच. यंत्राने धातूची भुकटी वितळवत, थरावर थर चढवून घडवलेली. दात सगळे पोटात, त्यामुळे कुणाच्या बापाला तिची नक्कल करता येणार नाही. "एकच घेतलीय. तू काय, घरीच असतेस," असं बहिणीला सांगून तो दोन गल्ल्यांपलीकडच्या आपल्या घरी गेला.

बहीण ती किल्ली गळ्यात घालूनच वावरायची. त्या दुपारी अंघोळीपुरती काढून ठेवली, आणि बाहेर येऊन बघते तो काय, बाबा कपड्याच्या साबणाच्या ओल्या वडीवर किल्ली दाबत बसलेले.

"बाबा! पळायचा बेत चाललाय होय?"

"कसला पळतोय! ठसा नुसता वरवरचा उठतोय, आतलं काही हाती लागत नाही." त्यांनी वडी उलटसुलट करून पाहिली. "जन्मात पहिल्यांदा हरलो बघ."

"बरंच झालं!" तिने किल्ली हिसकावून घेतली. "एवढा काय छळ मांडलाय मी तुमचा, की चोरून किल्ली करायची वेळ यावी?"

"माझ्यासाठी नव्हती गं," बाबा साबणाचे हात धोतराला पुसत म्हणाले. "दादाच्या हातावर नेऊन ठेव म्हणणार होतो. चार दिवस तरी तू सुटली असतीस."