न फोडलेलं पाकीट

उपासना संपून चर्च रिकामं झालं, तरी मी वेदीपाशीच उभी होते. माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट तिसऱ्या रविवारीही मी तिथं ठेवला होता, पाकीट न फोडता. नुसता हात लावला तरी बोटं गार पडायची.

फुलदाण्या उचलायला आलेल्या पाळकबाई थबकल्या. "हे काय गं, सरोजिनी?"

"हिज्कीया राजानं केलं तेच. शत्रूचं धमकीचं पत्र त्यानं मंदिरात देवापुढे पसरलं आणि यरुशलेम बचावलं. महिला सभेत तुम्हीच सांगितलंत."

"अगं, पण त्यानं ते आधी वाचलं होतं. बंद नव्हतं ठेवलं."

मी पाकीट उचललं. "त्याला भीती नाही वाटली?"

"वाटली की. अंगावरचे कपडे फाडले होते त्यानं."

मी पाकीट फोडलं. आतला कागद वेदीवरच पसरला. पंख्यानं उडू नये म्हणून एक कोपरा पाळकबाईंनी दाबून धरला, दुसरा मी. पहिल्या ओळीत माझंच नाव होतं. ते मी मोठ्यानं वाचलं आणि थांबले नाही.