साहेबाच्या दिवाणखान्यातलं झाड

जंगल खात्याचे नाकेदार लटारूभाऊ यांनी जर्मनीत मुलाच्या साहेबाला लाकूडचोरीत पकडलं. तसं काही घडलंच नाही, असं घरच्यांनी नंतर ठरवलं. आपणही तसंच धरून चालू.

१९८६ चा नाताळ. रजा काढून अहेरीहून मुलाकडे, हरिदासकडे, आलेल्या लटारूभाऊंना साहेबानं घरी जेवायला बोलावलं. हरिदासची नोकरी पक्की करणं याच साहेबाच्या हातात होतं. दिवाणखान्यात बुंध्यातून तोडलेलं हिरवंगार झाड उभं, अंगावर मेणबत्त्या. लटारूभाऊंचा हात आपोआप खिशातल्या शिट्टीकडे गेला.

"हरिदास, याले विचार, झाडाचा पास कुठी हाय?"

"बाबा, सण हाय त्यायचा! माही नोकरी घालवता काऊन?"

"आपल्या इथं बाया सणासाठी मोळी नेत, तवा मी सोडलं का त्यायले?"

सोडलं नव्हतंच. ठेकेदाराचे ट्रक मात्र ते सलाम ठोकून सोडत. ड्रायव्हर खिडकीतून हातावर जे ठेवी, त्यालाच ते पास म्हणत.

हरिदासनं घाम पुसत विचारलं. साहेब हसला आणि कपाटातून कागद काढून दिला. शिक्का, झाडाचा नंबर, सही, सगळं जागच्या जागी. हरिदासची नोकरी वाचली. लटारूभाऊंनी मात्र कागद उलटून पाहिला, उजेडात धरला, झटकून पाहिला; आतून काहीच पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ऑफिसला तार ठोकली :

"माल पकडला. पास खरा निघाला. अशा वेळी पुढे काय करतात, याबाबत अनुभवी कर्मचाऱ्याकडून मार्गदर्शन मिळावे, ही विनंती."