सगळ्यात भारी शहर

थँक्सगिव्हिंगला आत्याचे दोन्ही पोरगे टोलिडोला येतात आणि टर्की कापायच्या आधी एकमेकांना कापतात. कर्टिस न्यूयॉर्कवाला, ग्रांट शिकागोवाला. जन्मले, वाढले दोघंही इथेच, ओहायोत. पण ते सांगायची दोघांनाही लाज.

"तुमचा पिझ्झा म्हणजे पावाच्या घमेल्यात ओतलेला सॉस," सुरीला धार लावत कर्टिस म्हणाला. "चमच्याने खात जा लेको!"

"आणि तुमचा कचरा फुटपाथवर, उंदीर घरात! आमच्याकडे समुद्राएवढं तळं आहे, मस्त हवा आहे."

"त्या हवेत माणूस गोठून मरतो, भावड्या."

डोरीन आत्या वॉकर टेकवत टेकवत येऊन बसली. उन्हाळ्यात ती जिन्यावरून पडली, तेव्हा या दोघांपैकी एकही फिरकला नव्हता. तिकीट महाग होतं म्हणे.

"बरं झालं तुम्हीच विषय काढलात," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता एकटीने राहायचं नाही. मी हे घर विकते आणि तुमच्यापैकी एकाकडे कायमची येते. कुठलं शहर चांगलं ते तुम्हीच ठरवा."

कर्टिसने हातातली सुरी खाली ठेवली.

"शिकागो, मॉम. डोळे झाकून शिकागो."

 

"येड लागलंय का तुला?" ग्रांट ताडकन उठला. "न्यूयॉर्कची सर आहे का दुसऱ्या कुठल्या शहराला!"