बाबांच्या बॅगेचा पट्टा

पहिल्याच शिकारीत मी हरीण पळवून लावलं. अर्थात असं काही घडलेलंच नाही, हे माझा मित्र प्रफुल्ल आणि मी मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावी परतताना गाडीत ठरवलंय. रायफल माझी, लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालची दांडी ओढून गोळी चढवायची. दुकानातला पट्टा काढून मी तिला वर्धा–आर्वी एसटीवर कंडक्टर असलेल्या बाबांच्या बॅगेचा पट्टा लावला, उरलेलं चामडं लिव्हरला गुंडाळलं. “रायफल आहे का एसटी?” प्रफुल्लने विचारलं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. चेहरा फोटोत आहे, आवाज मात्र मला आठवेनासा झाला होता. मग झाडीतून हरीण आलं. मी लिव्हर खाली ओढून वर घेतली. खट-खट. अगदी बाबांचा तिकिटं पंच करायचा चिमटा! नेम धरला, आणि माझ्याच तोंडून बाबा ओरडले, “चला, पुढे सरका, पुढे सगळी गाडी रिकामी आहे!” हरीण मुकाट्याने पुढे सरकलं आणि दिसेनासं झालं. “यार,” प्रफुल्ल कुजबुजला, “कोण होतं?”

प्रति, आगार व्यवस्थापक. विषय: फेरी वाढवून मिळणेबाबत. महोदय, आपल्या वर्धा–आर्वी गाडीची एक फेरी नोव्हाय, मिशिगनपर्यंत वाढवण्यात यावी. वाटेत समुद्र लागतो, याची अर्जदारास कल्पना आहे. प्रवासी एकच असून तो सुट्टे पैसे घेऊन उभ्याने प्रवास करण्यास तयार आहे. हरीण आल्यास त्याचेही तिकीट अर्जदार काढेल. कंडक्टर मात्र जुनेच द्यावेत आणि त्यांनी सदर प्रवाशाला एकदा पुढे सरकण्यास सांगावे, ही नम्र विनंती.